जहाजाची डावी बाजू

जूनचा पहिला आठवडा आला की गावभागातल्या मंडळाच्या माळ्यावरून दोन पीव्हीसी पाईप खाली यायचे. ११० मिलिमीटरचे, प्रत्येकी ३५ इंच लांब. नवख्याला वाटायचं, पावसाळ्याच्या तोंडावर पन्हाळीचं काम निघालंय. त्यामागून २९ इंच व्यासाची पुठ्ठ्याची थाळी आली की उलगडा व्हायचा. ही एंटरप्राइज, 'स्टार ट्रेक' मालिकेतलं अंतराळजहाज.

'स्टार ट्रेक' ही मालिका ३ जून १९६९ ला अमेरिकेत एनबीसीवर शेवटचा भाग दाखवून बंद झाली. आपल्याकडे ती ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी लागायची. सांगलीतल्या या मंडळाच्या वर्षात गणपती, कोजागरी आणि जूनचा पहिला शनिवार असे तीन कार्यक्रम ठरलेले. तिसऱ्याचं नाव नुसतं 'निरोप'. वेगळी वर्गणी नसे. गणपतीतून उरेल त्यात भागवायचं.

बंद पडून इतकी वर्षं झालेल्या मालिकेला दर वर्षी निरोप कसला, असं विचारणारा एक तरी असायचाच. तर तिला निरोप धड मिळालाच नव्हता. १९६८ साली ती बंद होणार अशी कुणकुण लागली तेव्हा प्रेक्षकांच्या पत्रांचा एवढा पाऊस पडला, की मालिका पुढे चालू राहणार हे वाहिनीला पडद्यावरून सांगावं लागलं. तिसरं वर्ष मिळालं, पण शुक्रवारी रात्री दहाची वेळ गळ्यात मारून. शुक्रवारी रात्री दहाला तरुण पोरं घरात कुठली असायला? त्यात खर्चालाही कात्री. शेवटच्या भागाचं चित्रीकरण १९६९ च्या जानेवारीत उरकलं आणि बंदची घोषणा नंतर झाली, त्यामुळे त्या भागात निरोपाचा शब्दही नाही. जहाजाचा कप्तान कर्क, त्याचं मन एका बाईच्या शरीरात जातं आणि तिचं कर्कच्या, एवढीच गोष्ट, आणि तीही बेताचीच. २८ मार्चला तो दाखवायचा होता. त्याच दिवशी अमेरिकेचे माजी अध्यक्ष आयझेनहॉवर गेले आणि तो जूनवर ढकलला गेला. पुढे ४७ दिवसांत माणूस चंद्रावर उतरला. एकूण ७९ भाग.

पण मंडळाला ही मालिका जवळची वाटायचं खरं कारण तिची गरिबी. दर आठवड्याला नव्या ग्रहावर जहाज उतरवून दाखवणं परवडेना, म्हणून माणसं किरणांतून उतरवायची युक्ती काढली. जहाजावरच्या डॉक्टर मॅककॉयची काही हत्यारं म्हणजे मिठाच्या डब्या. सर्रकन उघडणारे दरवाजे पडद्यामागून माणसं दोरीनं ओढायची. ज्यांनी गणपतीचा हलता देखावा केलाय त्यांना यातलं काहीच परकं नाही.

'निरोप'ला मालिकेतले प्रसंग रंगमंचावर करायचे, आणि तयारीची सुरुवात दरवाज्यापासूनच व्हायची. आठ मिलिमीटरच्या सनबोर्डच्या, म्हणजे हलक्या फोम-बोर्डच्या, दोन झडपा, प्रत्येकी अडीच फूट रुंद आणि सात फूट उंच, वरच्या ट्रॅकला टांगलेल्या. दोन्ही टोकांना एकेक कप्पी आणि त्यावरून दोरीचा एकच अखंड फेरा. डावी झडप फेऱ्याच्या वरच्या पदराला बांधायची, उजवी खालच्या. एक पदर ओढला की दोन्ही झडपा विरुद्ध दिशांना पळतात. दोन्ही एकाच पदराला बांधल्या तर जोडीनं एकाच बाजूला जातात, आणि दर वर्षी कुणीतरी तशा बांधायचाच. नायलॉनची दोरी ताणते, मग झडपा मधे बोटभर उघड्या राहतात; पडद्याची विणीव दोरी बरी. ओढणाऱ्यानं संवादाकडे लक्ष द्यायचं नाही, पायांकडे बघायचं. दारापासून चार फुटांवर पांढरी चिकटपट्टी, तिच्यावर पाऊल पडलं की ओढ. संवादाची वाट बघितली की नट दारावर आपटलाच. मूळ मालिकेतले नटही आपटायचे, तेव्हा यात कमीपणा काही नाही.

किरणांतून उतरण्याचं काम मात्र अवघड. मूळ मालिकेत काळ्या पडद्यापुढे ॲल्युमिनियमची भुकटी उजेडाच्या झोतातून खाली सोडून तिचं चित्रण केलं होतं, आणि तो चमचमाट नटाच्या आकारात बसवला होता. रंगमंचावर ती भुकटी उडवायची नाही. श्वासात जाते, आणि ठिणगी मिळाली तर पेटते. जुन्या पौराणिक नाटकांत राक्षसाच्या प्रवेशाला राळ उडवत, ते दिवस गेले. मंडळानं जाळीचा पडदा धरला. काळ्या मच्छरदाणीचं कापड, बारा फूट बाय नऊ, खालच्या शिवणीत लोखंडी सळई घालून ताठ केलेलं. पडद्यावर पुढून उजेड पडला की तो भिंतीसारखा दिसतो. पुढचा उजेड विझवून मागचा लावला की पडदा आहे हेच कळत नाही. माणूस दिसायला लागतो, तोही हळूहळू, कारण दोन्ही दिवे डिमरवर असतात आणि चार सेकंदांत एक चढतो, एक उतरतो.

फसतं ते पुढच्या दिव्याच्या कोनात. दिवा समोरून सरळ मारला तर उजेड जाळीतून आरपार जातो आणि मागचा नट आधीच दिसतो, नाकात बोट घातलेला. दिवा बाजूनं, पडद्याला जवळजवळ घासून जाईल असा तिरका लावायचा. नट पडद्यामागे निदान चार फूट, आणि त्याच्या पाठीला काळं कापड. मागची भिंत पांढरी असेल तर सगळी मेहनत वाया. चमचमाटासाठी काचेची छोटी पेटी, तिच्यात पाणी, चहाचा चमचाभर चमकी आणि भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब. लिक्विड नसेल तर चमकी पाण्यावर तवंगासारखी तरंगत बसते. बाजूनं टॉर्च मारून, ढवळून, त्याचं मोबाईलवर चित्रण करायचं आणि प्रोजेक्टरनं त्याच जाळीवर टाकायचं. १८४३ साली ज्या गावात विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' उभं केलं, तिथे मोबाईल-प्रोजेक्टरपेक्षा जाळीच्या पडद्याला टाळ्या जास्त पडायच्या, हे ठीकच.

मुलांकडे ट्रिबल्स. डिसेंबर १९६७ मधल्या एका भागात हे केसाळ गोळे भसाभसा वाढतात आणि धान्याच्या कोठारातून कर्कच्या डोक्यावर कोसळतात. फरचं कापड घ्यायचं, उलट बाजूनं आठ इंचांचं वर्तुळ आखायचं, आणि कात्री न लावता ब्लेडनं फक्त मागचं विणलेलं कापड कापायचं. कात्रीनं केसही कापले जातात आणि शिवणीभोवती टक्कल दिसतं. कडेनं धावदोरा, आत कापूस, दोरा ओढून गाठ. मीटरभर कापडात बारा-पंधरा सहज. दीडशे ट्रिबल्सची पेटी दाराच्या चौकटीवर ठेवायची, झाकण दोरीवर. कापूस दाबून भरला तर ते चेंडूसारखे उसळतात आणि प्रेक्षकांत जातात. कोणी परत देत नाही.

आणि जहाज. मूळ एंटरप्राइजची चित्रीकरणाची मोठी प्रतिकृती ११ फुटांची, बहुतांश लाकडाची. आज ती वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय हवाई आणि अंतराळ संग्रहालयात आहे. मंडळाची तिच्या निम्मी, साडेपाच फूट. पूर्वी थाळी थर्मोकोलची असे. स्प्रे पेंट मारला की खड्डे पडत, कारण त्यातलं द्रावक थर्मोकोल खातं, म्हणून आधी पांढऱ्या गोंदाचा हात द्यावा लागे. २०१८ ला थर्मोकोलवर बंदी आली तेव्हा प्लायच्या फासळ्यांवर पुठ्ठा चढवला. २०१९ च्या महापुरात तो पुठ्ठा खळीसारखा झाला. पाईप धुऊन परत वापरले. तेव्हापासून सगळं माळ्यावर.

पाईपांवर रंग बसत नाही. १२० नंबरच्या पॉलिश पेपरनं घासून प्रायमर दिला तरच टिकतो, नाहीतर हात लागला की सालपट निघतं. खरी डोकेदुखी त्यांच्या वजनाची. दोन तिरक्या पट्ट्यांवर ते मागे अधांतरी असतात, तासाभरात ओघळतात आणि जहाज दमल्यासारखं दिसतं. पट्ट्यांच्या आत पाऊण इंची चौकोनी लोखंडी पाईप घालून तो थेट खालच्या स्टँडला वेल्ड केला, तेव्हा कुठे ओघळणं थांबलं.

पाईपांच्या तोंडाला लाल घुमट, आत लुकलुकती माळ आणि तिच्यापुढे फिरणारी पुठ्ठ्याची पाती. मूळ प्रतिकृतीतही नाताळच्या माळेचे दिवे आणि मोटरवर फिरणारी पातीच होती. इथे गणपतीच्या मागचं चक्र फिरवणारी मोटर लावली. तिची एक खोड: कधी सुलटी सुरू होते, कधी उलटी, तिच्या मर्जीनं. दोन्ही पाईपांत पाती सारख्या दिशेनं फिरायला हवी असतील तर बटण बंद-चालू करत बसायचं. घुमट आतून पॉलिश पेपरनं धुरकट केला नाही तर पाती आणि वायरी स्पष्ट दिसतात.

वळीव आला की लाईट जायची. ती गेली तर जहाज इन्व्हर्टरवर, प्रोजेक्टर बंद, आणि उरलेला भाग कोणीतरी तोंडी सांगायचं. तोवर भडंग फिरायचं.

शेवट ठरलेला असे. मूळ प्रतिकृतीत सगळ्या वायरी डाव्या बाजूनं आत शिरत, म्हणून ती बाजू रंगवून पुरी केलीच नव्हती. पडद्यावर जहाज बहुतेक वेळा उजव्या अंगानंच दिसतं ते यामुळे. मंडळाचं जहाजही तसंच, देखाव्याचा मागचा भाग कोण रंगवतो? कार्यक्रम संपला की दोघांनी स्टँड धरून ते सावकाश फिरवायचं. उघड्या फासळ्या, पुठ्ठ्यावर पेन्सिलीची मापं, टेपनं गुंडाळलेल्या वायरींचा झुबका. पोरं तिथेच सर्वांत जास्त वेळ उभी राहायची.

मग बंद करायचं. आधी मोटर, मग माळ, शेवटी खिडक्यांची बारा व्होल्टची एलईडी पट्टी. ती पट्टीकडची पिन उपसून बंद करायची नाही, तशानं फट्कन विझते. अडॅप्टर भिंतीतून काढायचा. आत उरलेल्या विजेवर खिडक्या दोनेक सेकंद मंद होत जातात.