सोडून कुणी जायचं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. संत बहिणाबाई शिकवायला घेतली की वर्गातही तुमचाच हा प्रश्न ठरलेला : "मॅडम, इतका मारायचा, तर तिनं नवऱ्याला सोडलं का नाही?" (त्याआधी, या खानदेशातल्या बहिणाबाई चौधरी नव्हेत, हे समजावण्यात अर्धा तास जातो. ही सतराव्या शतकातली, वेरूळजवळच्या देवगावची.)

पूर्वी मी म्हणायचे, लग्नात ती तीन वर्षांची आणि तो तीस वर्षांचा बिजवर, जाणार कुठे? ते खोटं नाही. पण तिनं अभंगांतच लिहिलेलं आत्मचरित्र पुन्हा वाचताना दिसलं, की त्या घरात सोडून जायची भाषा एकच माणूस करतो, आणि तो नवरा.

भाऊबंदकीपायी गाव सुटलेलं. आईवडिलांसकट सगळे हिंडत कोल्हापूरला आले, हिरंभट नावाच्या ब्राह्मणाच्या घरी उतरले. तिथं तिला एका वासराचा लळा लागला. जयरामस्वामींच्या कीर्तनालासुद्धा ते तिच्या मागोमाग. स्वामींनी एकदा भर कीर्तनात दोघांच्याही डोक्यावर हात ठेवला आणि गावभर बोभाटा झाला. नवऱ्यानं केस धरून ओढलं, बदडलं, बांधून घातलं. तेव्हा ती जेमतेम अकरा वर्षांची होती.

पुढे वासरू गेलं. तिला स्वप्नात तुकोबांनी उपदेश केला. तिचा नवरा गंगाधरपंत वेदपाठी ब्राह्मण. बायकोचा गुरू शूद्र, तोही स्वप्नातला! त्यात लोक हिच्या पाया पडायला येणार आणि याला कुणी विचारणार नाही. माझ्या मते, खरं दुखणं हेच. बायको गरोदर असताना यानं ठरवलं, तिला माहेरच्यांवर टाकून तीर्थांना निघून जायचं. पुरुषाला वैताग आला की वैराग्याचा दरवाजा उघडा असतो. ती लिहिते :

स्त्रियेचें शरीर पराधीन देह ।
न चाले उपाव विरक्तीचा ॥

तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिनं साडेतीनशे वर्षांपूर्वीच देऊन ठेवलंय. नवरा सोडणं दूरच; तिला संसारही सोडता येत नव्हता.

तो गेला नाही. आजारी पडला, तिनं सेवा केली, त्याचं मन पालटलं आणि सगळे देहूला आले. तिथं तुकोबांचा द्वेष करणाऱ्या मंबाजीनं छळलं, ते वेगळंच.

आता अडचणीचं. याच बाईनं पतिव्रताधर्माचे अभंगही लिहिलेत, पतीलाच देव म्हटलंय. वर्गातल्या मुली चिडतात. माझ्याही घशात ते अडकतात आणि 'काळाची मर्यादा' म्हणून मी ते गिळायला सांगत नाही. नवऱ्याची पूजा करणारीनंच त्याचा मार नोंदवून ठेवलाय, तोही घरातलं घरात न झाकता. तिला स्त्रीवादी म्हणायचं की नाही, यावर मी वाद घालत नाही.

मी थांबते ती दुसऱ्या एका अभंगापाशी. वेद हाका देतात, पुराणं गर्जतात, की स्त्रीच्या संगतीत हित नाही. ती म्हणते :

मी तों सहज स्त्रियेचाचि देह ।
परमार्थाची सोय आतां कैची ॥

यातल्या 'सहज'खाली मी मुलींना पेन्सिलीनं रेघ मारायला लावते. सहज, म्हणजे जन्मासोबत आलेला. मी मागून घेतला नव्हता. परीक्षेला यावर काही येत नाही.