फवारणीतून वगळलेले झाड

परसबागेतील भाज्यांवरच्या कीड-रोगांविषयी सल्ला देण्याचे काम मी बरीच वर्षे करीत आहे आणि या काळात पांढऱ्या माशीइतका माणसाच्या चिकाटीचा अंत पाहणारी दुसरी कीड माझ्या पाहण्यात आलेली नाही. ज्या दिवसाविषयी हे लिहीत आहे, त्या दिवशी मला बोलावणाऱ्या काकांना कीड कशी आवरावी हे विचारायचेच नव्हते. चौदा टोमॅटो, सहा वांगी, घेवड्याची एक ओळ आणि मांडवावर चढवलेला काकडीचा वेल, अशी आपली सगळी बाग उपटून टाकायची असे त्यांनी आदल्या रात्रीच ठरवले होते. उपटलेल्या झाडांवरची माशी शेजाऱ्यांच्या बागेत जाऊ नये म्हणून काय करावे, एवढाच त्यांचा प्रश्न होता. मी सकाळी लवकर पोहोचलो तेव्हा मदतीला आलेला माणूस कुदळ घेऊन बांधावर बसलेला होता.

बागेची अवस्था वाईट होती, यात शंका नाही. वांग्याच्या फांदीला बोटाने हलका धक्का दिला की पानांखालून पिठाचा ढग उठावा तशा माश्या उठत आणि क्षणभर भिरभिरून पुन्हा त्याच पानांखाली जाऊन बसत. खालच्या पानांच्या वरच्या बाजूवर चिकटा, म्हणजे माशीने टाकलेला गोड चिकट द्रव, साचून चकाकत होता आणि त्याच्यावर काजळीसारख्या काळ्या बुरशीचा थर चढलेला होता. ही बुरशी पानात शिरत नाही, ती केवळ चिकट्यावर पोसते. पण पानावर पडणारा उजेड अडवते, त्यामुळे आधीच रस शोषला गेलेले पान अधिकच दुबळे होते. काकांनी ती बुरशी हाच मूळ रोग समजून सुरुवातीला दोनदा बुरशीनाशकही मारले होते.

हे सगळे मला त्यांच्या वहीतून कळले. काका नोंदी ठेवणारे गृहस्थ. कोणत्या तारखेला काय फवारले, किती पाण्यात किती औषध घातले, दुसऱ्या दिवशी काय दिसले, हे त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहून ठेवलेले होते. ती पाने उलटताना पहिल्याच नोंदीत मला माझे नाव दिसले. सुमारे दोन महिन्यांपूर्वी त्यांनी फोन केला होता आणि मी, बाग न पाहता, कडुनिंबाचे तेल साबणाच्या थोड्या पाण्यात घोळून फवारा, असे सांगून मोकळा झालो होतो. पानांच्या खालच्या बाजूने फवारा, हे मी सांगितले नव्हते. काकांनी उभ्याने, वरून, पाने चांगली ओली होईपर्यंत फवारले होते आणि माशी मात्र आयुष्यभर खालच्या बाजूला राहणारी. अंडी तिथेच, पिल्ले तिथेच, कोष तिथेच. वरून मारलेल्या तेलाचा एक थेंबही बहुधा त्यांच्यापर्यंत गेला नसेल. हा दोष पूर्णपणे माझा होता आणि तो मी काकांसमोर तिथेच कबूल केला.

माझा उपाय फसल्यावर त्यांनी कोणाच्या तरी सांगण्यावरून पायरेथ्रॉईड गटातले कीटकनाशक आणले आणि दर चार-पाच दिवसांनी ते मारीत गेले. वहीत अशा अकरा फवारण्या होत्या. प्रत्येक फवारणीच्या पुढे आधी ‘माशी मेली’, मग काही दिवसांनी ‘पुन्हा माशी’, आणि शेवटच्या तीन नोंदींपुढे ‘पूर्वीपेक्षा जास्त’ असे शब्द होते. काकांना वाटत होते की आपलेच प्रमाण कुठेतरी चुकते आहे. प्रमाण चुकत नव्हते. ही औषधे उडणाऱ्या माशीला मारतात, परंतु अंड्यांवर आणि कोषांवर त्यांचा फारसा परिणाम होत नाही. उबदार हवेत अंड्यापासून माशी होईपर्यंत साधारण तीन आठवडे लागतात आणि झाडावर एकाच वेळी सगळ्या अवस्था असल्यामुळे आज मारलेल्या माश्यांची जागा उद्या कोषातून बाहेर पडणाऱ्या माश्या घेतात. शिवाय एकच औषध पुन्हा पुन्हा मारल्याने त्याला दाद न देणाऱ्या माश्याच तेवढ्या मागे उरतात. तिसरे कारण अधिक महत्त्वाचे होते आणि ते मला त्या सकाळी माझ्या डोळ्यांनी पाहायला मिळायचे होते.

“साहेब, सुरुवात त्या कोपऱ्यातल्या झाडापासून करू,” काका म्हणाले. “त्याला तर काळा रोगही झालाय.”

पाण्याच्या टाकीमागे, भिंतीला लागून, पंधरावे टोमॅटोचे झाड होते, जे काकांनी चौदाच्या मोजणीत धरलेलेही नव्हते. वहीत त्याची शेवटची नोंद पाच आठवड्यांपूर्वीची होती : ‘टाकीमागचे झाड वाचत नाही. सोडून दिले.’ त्यानंतर त्याला ना औषध मिळाले होते, ना खत. झाड खुरटे होते आणि त्याची खालची पाने पिवळी पडली होती. पण शेंड्याकडची चार-पाच पाने पाहून मी थांबलो. ती स्वच्छ होती. त्यांच्यावर चिकटा नव्हता, काजळी नव्हती, आणि फांदी हलवल्यावर पाच-सहाच माश्या उडाल्या. ज्या झाडाला कोणी हात लावला नाही ते बागेतले सर्वांत कमी माशीचे झाड असावे, हे मला विचित्र वाटले आणि मी कुदळवाल्याला जरा थांबायला सांगितले.

मधल्या उंचीवरचे एक पान तोडून मी ते उलटे केले आणि दहापट मोठे दाखवणारे भिंग डोळ्याशी धरले. पांढऱ्या माशीचे पिल्लू अंड्यातून निघाल्यावर थोडे अंतर चालते, एक जागा धरून सोंड पानात खुपसते आणि मग माशी होईपर्यंत तिथून हलत नाही. म्हणून पानाखाली ही पिल्ले फिकट, चपट्या खवल्यांसारखी चिकटलेली दिसतात. शेवटच्या अवस्थेतला कोष थोडा उंच होतो, त्याच्या कडा उभ्या होतात आणि अंगावर मेणाचे बारीक तंतू दिसतात. त्या पानावर असे कोष होते. त्यांतले बरेचसे फिकट नव्हते. ते काळेभोर होते, तीट लावावी तसे. काकांना जो काळा रोग वाटला, तो हा होता.

मी मोजत गेलो. त्रेसष्ट कोषांपैकी अठ्ठेचाळीस काळे होते. त्यांतले काही रिकामे होते आणि प्रत्येक रिकाम्या काळ्या कोषाच्या पाठीवर सुईने पाडावे तसे एक स्वच्छ, गोल भोक होते. पांढरी माशी कोषातून बाहेर पडते तेव्हा असे भोक पडत नाही. कोषाची पाठ इंग्रजी टी अक्षराच्या आकारात उकलते आणि ती चीर भिंगातून ओळखू येते. गोल भोक पाडणारा जीव वेगळा असतो. काकांना भिंग देण्याआधी मी आणखी एक पान पाहत होतो, तेवढ्यात एका काळ्या कोषाची पाठ आतून कुरतडली जाताना दिसली. आधी एक ठिपका, मग त्या ठिपक्याची कड वाढत गेलेली, मग दोन हलणाऱ्या मिशा. काही मिनिटांनी अर्ध्या मिलिमीटरहून किंचित मोठा, काळ्या अंगाचा आणि पिवळ्या पोटाचा एक कीटक त्या भोकातून बाहेर आला, कोषाच्या कडेवर उभा राहून त्याने पंख पुसले आणि तो पानावर चालू लागला. शेजारच्या फिकट पिल्लाला मिशांनी ठोकून पाहत तो त्याच्याभोवती फिरला. मी काकांना हाक मारली आणि भिंग त्यांच्या हातात दिले. ते बराच वेळ वाकून पाहत राहिले आणि सरळ होताना एवढेच म्हणाले, “हा माझ्या बागेत होता?”

एन्कार्सिया फॉर्मोसा या नावाने ओळखला जाणारा हा परोपजीवी मित्रकीटक आहे. त्याची मादी पांढऱ्या माशीच्या पिल्लाच्या अंगात एक अंडे घालते. आतली अळी त्या पिल्लावर वाढते आणि साधारण दहा दिवसांनी कोष काळा पडतो. 1926 साली इंग्लंडमधील एका टोमॅटो उत्पादकाला आपल्या हरितगृहात असेच काळे कोष दिसले आणि त्याने ते स्पेयर या कीटकशास्त्रज्ञाच्या नजरेस आणले. त्या कोषांतून निघालेले हे कीटक वाढवून पुढे अनेक वर्षे उत्पादकांना पुरवले जात होते. दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटी आणि तिच्या जातीची औषधे आली, तेव्हा हे काम मागे पडले; त्या औषधांना माशी दाद देईनाशी झाल्यावर लोकांना पुन्हा या कीटकाची आठवण झाली. शंभर वर्षांपूर्वी त्या माणसाने काळे कोष रोग समजून उपटून टाकले नाहीत, हे मला फार मोलाचे वाटते, आणि ते त्या सकाळी मी काकांना सांगितलेही.

तिसरे कारण आता काकांना समजावून सांगण्याची गरज राहिली नव्हती. अकरा फवारण्यांनी चौदा झाडांवरचा हा कीटक नाहीसा केला होता; टाकीमागचे झाड नाउमेद होऊन सोडले गेले, म्हणूनच तिथे तो उरला होता.

बाग उपटायची की नाही, हे ठरवण्याआधी मला एक गोष्ट तपासणे भाग होते. पांढऱ्या माशीच्या दोन जाती भाज्यांवर नेहमी आढळतात : बेमिसिया तबाकी आणि हरितगृहातील पांढरी माशी. यांतली बेमिसिया तबाकी टोमॅटोची पाने वळवणारे आणि भेंडीवर हळद्या आणणारे विषाणू पसरवते. तसा रोग दिसला असता तर रोगट झाडे काढण्यावाचून इलाज नव्हता, कारण विषाणू शिरलेले झाड कोणत्याही औषधाने बरे होत नाही. त्या माशीचे पंख बसलेली असताना छपरासारखे तिरके असतात आणि दोन पंखांमधून पिवळसर अंग दिसते. काकांच्या बागेतल्या माशीचे पंख जवळजवळ सपाट होते, अंग झाकणारे होते, आणि उभ्या कडांचे, मेणाचे तंतू असलेले कोष हरितगृहातील पांढऱ्या माशीचेच होते. सर्व झाडांचे शेंडे मी एकेक करून पाहिले. एकाही टोमॅटोचे पान वाटीसारखे वळलेले किंवा कडेने पिवळे पडलेले नव्हते. तेव्हा मी काकांना स्पष्ट सांगितले की झाडे उपटू नका. त्यांनी त्या माणसाची दिवसाची मजुरी देऊन त्याला पाठवून दिले.

टाकीमागची काळ्या कोषांची पाने त्याच दिवशी इतर झाडांवर नेऊन बांधावीत, असे काकांच्या मनात आले, पण मी त्यांना थांबवले. पायरेथ्रॉईडचा अंश पानांवर कित्येक आठवडे टिकतो आणि माशीला जो अंश बाधत नाही तो या कीटकाला मारतो. आधी औषधाची बाटली बंद व्हायला हवी होती आणि औषध न लागलेली नवी पालवी फुटायला हवी होती. तोवर माशी आवरण्यासाठी आम्ही चौदा झाडांची खालची, कोषांनी भरलेली पाने सकाळच्या गारव्यात, माश्या सुस्त असताना, पिशवीत धरून तोडली आणि पिशवीचे तोंड लगेच बांधले. उरलेल्या पानांवर कीटकनाशक साबणाचे पाणी फवारायचे ठरले. या वेळी पंपाचे नोझल वर वळवून, वाकून, खालून कसे मारायचे, ते मी स्वतः तीन झाडांवर करून दाखवले. साबणाचे पाणी अंगाला लागले तरच पिल्लू मरते आणि वाळल्यावर त्याचा काही प्रभाव उरत नाही; म्हणून ते आठवड्याच्या अंतराने पुन्हा मारावे लागते आणि म्हणूनच ते पुढे येणाऱ्या मित्रकीटकाच्या वाटेतही उभे राहत नाही. भांडी घासण्याच्या साबणाने पाने करपतात, तेव्हा तो वापरू नये आणि कोणताही साबण आधी दोन पानांवर मारून दोन दिवस पाहावा, हेही सांगितले. टाकीमागच्या झाडावर साबणही मारायचा नव्हता.

काकांनी आणून ठेवलेले दहा पिवळे चिकट सापळे होते. त्यांतले दोनच लावू दिले, कारण पिवळ्या रंगाकडे मित्रकीटकही ओढला जातो. माशी वाढते की घटते एवढे कळायला दोन पुरेसे होते. झाडे सावरावीत म्हणून ते दर आठवड्याला युरिया देत होते. त्याने येणारी कोवळी, रसाळ पालवी माशीला हवीच असते, म्हणून तो थांबवला. वांग्यांच्या बुंध्याशी चिकट्यासाठी येणाऱ्या मुंग्यांची रांग लागलेली होती. मुंग्या मित्रकीटकांना हुसकावतात, म्हणून बुंध्याभोवती कापड गुंडाळून त्याच्यावर चिकट लेप लावला.

पाच आठवड्यांनी, नव्या पालवीवर पिल्ले दिसू लागल्यावर, काकांनी टाकीमागच्या झाडाची काळ्या कोषांची पाने तोडून प्रत्येक टोमॅटोच्या मधल्या फांदीला दोऱ्याने टांगली. त्यानंतर महिन्याभराने मी गेलो तेव्हा त्यांनी वही पुढे केली. औषधाचा रकाना त्यांनी खोडला होता आणि त्या जागी ‘फिकट’ आणि ‘काळे’ असे दोन रकाने आखून दर रविवारी दहा पानांवरचे कोष मोजून लिहिले होते. टोमॅटोवर काळ्यांचा आकडा फिकटांच्या पुढे गेला होता. वांग्यांवर तो बरोबरीला येऊ पाहत होता, आणि तिथे अजून दोनदा साबण मारावा लागला होता. काकडीवर मात्र तो वाढलाच नव्हता. काकडीच्या पानाखालची दाट लव या इवल्या कीटकाला चालू देत नाही. त्याचा बराच वेळ केसांतून वाट काढण्यात जातो आणि माशी त्याच्या पुढे निघून जाते. तो वेल आम्ही दुसऱ्या दिवशी पहाटे, माश्या उडायच्या आत, मांडवावरच मोठ्या पिशव्यांत गुंडाळून मुळापाशी कापला. काकांनी वहीत तारीख घातली आणि पुढे लिहिले : ‘काकडी काढली. टाकीमागच्या झाडाला पहिली फुले.’