दुसऱ्याच्या गाडीला जंप दिला आणि माझीच हायब्रिड बंद पडली - माझा अनुभव

मागच्या महिन्यात जे झालं ते सविस्तर लिहितोय, कारण तेव्हा मला जे शोधायचं होतं ते एका जागी कुठेच मिळालं नाही आणि अर्धवट माहितीवर मी एक दिवस वाया घालवला.

शेजारच्या काकांची पेट्रोल गाडी बरेच दिवस उभी होती, बॅटरी पूर्ण डाऊन. ते म्हणाले "अरे जरा केबल लावून देतोस का", म्हणजे जंप, माझ्या बॅटरीचा करंट केबलने देऊन त्यांची गाडी चालू करायची. मी म्हटलं देतो की काका, त्यात काय. माझी हायब्रिड (इंजिन आणि इलेक्ट्रिक मोटर दोन्ही असलेली गाडी) समोर आणून उभी केली, रेडी मोडमध्येच, म्हणजे चालू स्थितीतच ठेवली आणि बोनेट उघडलं. हायब्रिडची १२ व्होल्टची बॅटरी बऱ्याच गाड्यांत मागे डिकीत असते, माझ्याही तशीच आहे, पण पुढे फ्यूज बॉक्समध्ये लाल झाकणाखाली जंप घ्यायला एक पॉइंट दिलेला असतो, तिथेच केबल लावली. काकांच्या बॅटरीच्या दोन्ही टर्मिनलवर पांढरट बुरशीसारखा थर साचलेला, प्लस-मायनसची खूण दिसतच नव्हती. वायरच्या रंगावरून अंदाज केला, काळा चिमटा टेकवला तशी मोठी ठिणगी उडाली. लगेच काढला, घासून बघितलं तर उलटं लागलेलं. मग सुलट लावलं, दहा मिनिटं थांबलो, तिसऱ्या सेल्फला त्यांची गाडी चालू झाली, केबल काढली. मला वाटलं झालं काम.

त्यानंतर माझी गाडी एसी लावून तशीच पंधरा-वीस मिनिटं उभी होती, आम्ही बोलत होतो. डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागलेला मी पाहिला होता. आत्ताच जंप दिलाय, होईल चार्ज, असं मनाशी म्हटलं आणि गाडी बंद केली. सगळ्यात महत्त्वाची खूण तीच होती आणि मी ती सोडून दिली, ह्याचं मला अजून वाईट वाटतं.

संध्याकाळी बाहेर निघायचं तर रिमोटला गाडी उघडेना. चावीच्या आत जी लोखंडी चावी लपलेली असते ती काढून ड्रायव्हरचं दार उघडलं. स्टार्ट बटण दाबलं तर डॅशबोर्ड एकदा मंद उजळला, सगळे दिवे एकदम लागले, आतून टक टक टक असा रिलेचा (करंटने चालणाऱ्या स्विचचा) आवाज आणि परत अंधार. ढकलून बाजूला घेऊ म्हटलं तर तेही नाही, कारण माझ्या गाडीत पार्कचं लॉक इलेक्ट्रिक आहे, करंट नाही तर न्यूट्रल नाही.

माझ्या मनात पहिला विचार आला की मोठी बॅटरी गेली, म्हणजे खर्चाच्या नावाने धडकीच. पण तसं नसतं, ते इथे नीट सांगतो. हायब्रिडमध्ये दोन बॅटऱ्या. एक मोठी, माझ्या गाडीत साधारण २०० व्होल्टची, तीच मोटर चालवते आणि इंजिनही तीच फिरवते, म्हणजे नेहमीच्या गाडीसारखा वेगळा स्टार्टर नसतो. दुसरी छोटी १२ व्होल्टची, ती इंजिन फिरवत नाही, ती फक्त कॉम्प्युटर जागे करते आणि मोठ्या बॅटरीचा मेन रिले ओढते. तो रिले ओढला गेला नाही तर मोठी बॅटरी काठोकाठ भरलेली असूनही उपयोग शून्य, विहीर भरलेली पण पोहराच नाही अशी गत. आणि ही छोटी बॅटरी चार्ज करायला अल्टरनेटर नसतो, डीसी-डीसी कन्व्हर्टर असतो, तो मोठ्या बॅटरीतून करंट घेऊन १४ व्होल्टच्या आसपास करून छोटीला देतो, तेही गाडी रेडी असतानाच.

मल्टीमीटर आणला, पुढच्या जंप पॉइंटवर लावला. ११.१ व्होल्ट. लेड अॅसिड बॅटरी भरलेली असेल तर १२.६ च्या वर दिसायला हवी, १२.२ म्हणजे साधारण अर्धी आणि १२ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामीच. डिकी इलेक्ट्रिक लॉकची, त्यामुळे मागची सीट पाडून आत सरपटत जाऊन ती आतून उघडली, मायनस सोडवला आणि कमी अँपिअरचा चार्जर रात्रभर लावून ठेवला. ही बॅटरी एजीएम प्रकारची (सीलबंद लेड अॅसिड) आहे, तिला फास्ट चार्ज देऊन तापवू नये. गॅस बाहेर जायची बारीक नळीही असते, बॅटरी काढलीत तर ती परत लावायला विसरू नका.

सकाळी १२.७. चार्जर काढून तासभर थांबलो तर १२.६. बटण दाबलं, गाडी पहिल्याच झटक्यात रेडी. इतका आनंद झाला की सांगता येत नाही. बरेच जण इथेच थांबतात, मीही थांबलो असतो, पण तो लाल दिवा परत दिसला आणि ह्या वेळी मी मीटर लावूनच ठेवला. रेडी असताना १४ च्या आसपास दिसायला हवं होतं, दिसत होतं १२.३, थोड्या वेळाने १२.१, दहा मिनिटांनी ११.९. म्हणजे गाडी चालत होती ती फक्त रात्री भरलेल्या करंटवर, चार्जिंग होतच नव्हतं. रस्त्यावर काढली असती तर मध्येच बंद पडली असती. लगेच बंद केली.

मग ओळखीच्या ऑटो इलेक्ट्रिशियन दादांना बोलावलं. त्यांनी स्कॅनर लावला तर बिघाडाच्या कोडची ही मोठी यादी, माझा चेहराच पडला. दादा शांतपणे म्हणाले, "घाबरू नका, व्होल्टेज पडलं की सगळे कॉम्प्युटर एकमेकांबद्दल तक्रार करतात, आधी सगळे पुसू, मग जो परत येईल तो खरा." चार्जर जोडून ठेवला, कोड पुसले, गाडी रेडी केली, एकच परत आला, पी०ए०८, तो डीसी-डीसी कन्व्हर्टरच्या स्टेटसचा. मला वाटलं कन्व्हर्टर जळला. पण त्यांनी फ्यूज बॉक्समधल्या बोल्टने बसवलेल्या एका मोठ्या फ्यूजच्या दोन्ही टोकांना आळीपाळीने मीटर लावला, एका बाजूला १४.२, दुसऱ्या बाजूला १२.३. मला दाखवून म्हणाले, "बघा, कन्व्हर्टर करंट काढतोय, पोचत नाहीये." फ्यूज उडालेला होता.

मग सगळं उलगडलं. ती उलट केबलची ठिणगी, तेव्हाच हा फ्यूज गेला. त्यानंतर काकांच्या गाडीचा सेल्फ माझ्या छोट्या बॅटरीने एकटीने मारला, वर वीस मिनिटं माझ्या एसीचा पंखा आणि कॉम्प्युटर तिच्यावरच चालले, मग ती संपणारच. फ्यूजने स्वतः जळून कन्व्हर्टर वाचवला, नाहीतर खर्च कुठल्या कुठे गेला असता.

बदलायचं काम मात्र साध्या फ्यूजसारखं चिमट्याने उपटून होत नाही, बोल्ट आहेत, आणि आधी १२ व्होल्टचा मायनस काढायलाच हवा, नाहीतर पाना बॉडीला टेकला की परत तीच ठिणगी. तितक्याच अँपिअरचा फ्यूज मागवावा लागला, जास्त अँपिअरचा किंवा तार गुंडाळून काम चालवू नका प्लीज. आणि नारिंगी रंगाच्या जाड केबल दिसतील त्यांना हात लावायचा नाही, त्या मोठ्या बॅटरीच्या आहेत, ते काम ट्रेनिंग घेतलेल्या माणसाचंच.

घरी येऊन मॅन्युअल उघडलं, तर दुसऱ्या गाडीला जंप देण्यासाठी ही गाडी वापरू नये असं स्पष्ट छापलेलं होतं. जंप घेता येतो, द्यायचा नाही. नेहमीच्या गाडीचा स्टार्टर शंभराच्या वर अँपिअर ओढतो, ही छोटी बॅटरी आणि कन्व्हर्टर त्या कामासाठी बनलेलेच नाहीत, उलट केबल लागली नसती तरी मी चूकच करत होतो. आता कोणी मागितलं तर मी गाडी नाही, छोटा पोर्टेबल बूस्टर देतो, तो मुद्दाम घेऊन ठेवलाय.

नवीन फ्यूजनंतर रेडीमध्ये १४.१, लाल दिवा नाही, पी०ए०८ परत आलेला नाही. आठवडाभर रोज सकाळी गाडी चालू करायच्या आधी मीटर लावून बघत होतो, १२.५ च्या खाली गेलं नाही. काकांच्या बॅटरीचे टर्मिनल मी आणि काकांनी मिळून गरम पाणी आणि खायचा सोडा टाकून घासले आणि प्लसवर लाल रंगाचा ठळक ठिपका दिला, आता अंधारातही टॉर्च मारला की लगेच दिसतो.