मार्था, मरिया आणि आमच्या घरातला डिसेंबर

मार्था आणि मरिया म्हणजे बायबलमधल्या दोन बहिणी. त्यातल्या मार्थेबद्दल लिहायचं कधीपासून मनात होतं. संडे स्कूलमध्ये आम्हाला नेहमी हेच शिकवलं की मरियेसारखं व्हा, येशूच्या पायाशी बसा, मार्थेसारखं कामाच्या मागे धावू नका. लूकच्या शुभवर्तमानात, १० व्या अध्यायात, येशू स्वतःच तिला टोकतो, ते आहेच, नाही कोण म्हणतं. पण दादा गेल्यापासून मी योहानाच्या शुभवर्तमानाचा ११ वा अध्याय परत परत वाचतेय आणि मला वाटतं तिचं अर्धंच ऐकून आपण सगळे मोकळे झालो.

दादा डिसेंबरच्या सुरुवातीला गेला, हार्ट अटॅक, दवाखान्यात न्यायलाही वेळ मिळाला नाही. त्याच्या आधीच्याच रविवारी सदरवरून येताना गाडीत पोरांना सांगत होता की चर्च ऑफ नॉर्थ इंडिया आपल्या नागपुरात सुरू झालं, २९ नोव्हेंबर १९७०, सहा चर्च एकत्र आले, आणि पोरं म्हणाली मामा दरवर्षी सांगतोस. जरीपटक्याला दफनविधी झाला. वहिनी एका जागी बसून होती, तिला उठवतच नव्हतं, आणि मी काय करत होते तर चहा टाकत होते, गाद्या मोजत होते, पाळकसाहेबांना फोन, आईच्या बीपीच्या गोळ्या, काटोलच्या पाहुण्यांना परत कोण सोडणार, मांडववाल्याचे पैसे, सगळं. एक आत्या मागून म्हणाली, "काहून गं, हिच्या डोळ्यात पाणीच नाही." मी ऐकलं आणि चहा गाळत राहिले.

आता योहानात बघा. त्यांचा भाऊ लाजर आजारी असल्याचा निरोप मिळतो तरी येशू दोन दिवस तिथेच थांबतो, पोचतो तेव्हा लाजरला कबरेत ठेवून चार दिवस झालेले. मार्था गावाबाहेर त्याला भेटायला जाते आणि तोंडावर म्हणते की प्रभू, तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. नंतर मरिया येते, तीही अगदी हेच म्हणते. वाक्य एकच, पण मार्थेशी येशू बोलतो, 'पुनरुत्थान व जीवन मीच आहे' हे एवढं मोठं वाक्य तो तिला सांगतो, आणि मरियेला काहीच समजावत नाही, तिच्यासोबत रडतो. बायबलमधलं सगळ्यात छोटं वचन म्हणून आम्ही लहानपणी पाठ करायचो ते हेच, 'येशू रडला'. थोड्याच वेळात तो लाजरला उठवणार आहे, त्याला माहीत आहे, तरी रडला. आणि दोघींपैकी एकीलाही तो असं म्हणत नाही की तुमचा विश्वास कमी पडला, अशी तक्रार करू नका.

मला हे फार लागतं कारण माझीही तक्रार आहे. रोज आहे. मी ती प्रार्थनेतच करते, दुसरीकडे कुठे करणार.

काटोलला आमच्या एका भावाचा संत्र्याचा बगीचा आहे. त्याने मला समजावलं की ताई, आंबिया बहारासाठी आम्ही डिसेंबरमध्ये झाडाचं पाणी तोडतो, ताण देतो, पानं मलूल होतात, मग पाणी दिलं की फुलं धरतात, देव पण तसंच करतो. माणूस मायेने बोलत होता. पण मला ते पटलं नाही आणि आजही पटत नाही. मला बहर यावा म्हणून देवाने दादाला नेलं, असा देव मला योहानात दिसत नाही, तिथे तो कबरेपाशी व्याकूळ होऊन उभा आहे. हां, एक गोष्ट मात्र त्याच्याच बोलण्यातली घेतली, ताणावर असलेल्या बागेत तो रोज चक्कर मारतो, पानं बघतो, ताण जास्त झाला तर झाड वाळतं म्हणून. ते रोज येऊन बघणं मला समजलं.

शेजारच्या काकू तसंच यायच्या. ओल्या तुरीच्या शेंगांचे दिवस होते, त्या आमचीच टोपली ओढून सोले काढत बसायच्या, तास तास, एक शब्द नाही. बायबलमधल्या ईयोबावर दुःख कोसळलं तेव्हा त्याचे मित्रसुद्धा पहिले सात दिवस असेच त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले होते, बोलायला लागले तेव्हा सगळं बिघडलं. एका संध्याकाळी काकू सोलेभात टाकायला उठल्या, मला म्हणाल्या तू बस, आणि मग मी रडले, वहिनीच्या मांडीवर डोकं ठेवून, खूप वेळ. त्या नाताळला स्टार लावायचा की नाही यावर घरात कोणी बोलतच नव्हतं, शेवटी वहिनीनेच भाच्याला वर चढवलं.

पुढे योहानाच्या १२ व्या अध्यायात त्यांच्याच गावात, बेथानीत, जेवण आहे, लाजर पंक्तीला बसलेला आणि मार्था वाढतेय. परत कामच. पण या वेळी तिला कोणी टोकत नाही, येशूही नाही. मार्था तीच, काम तेच, फक्त मधे एक कबर येऊन गेलीय आणि तिथे ती येशूशी भांडलीय. मला ही मार्था हवीय, तिच्याबद्दल संडे स्कूलमध्ये पोरींना सांगायला हवं, मी सांगणार आहे.

ईस्टरला या वर्षी सगळे आमच्याकडे जेवायला आहेत, काटोलचे पण, काकू पण. रस्सा मी करणार, भात वहिनी लावणार, आणि दादाच्या मित्रांनाही बोलव म्हणून वहिनीने स्वतःच नावं काढून दिलीत, तर कूलरचं पॅड आधी बदलून घ्यावं लागेल.