रायझन ५ सोडून आय३ का घेतला – पुतणीच्या लॅपटॉपचा अनुभव

पुतणीला बीएस्सी आयटीला ॲडमिशन मिळाली आणि लॅपटॉप बघायचं काम माझ्याकडे आलं. बजेट चाळीस हजार, त्याच्या वर जायचं नाही असं दादाने आधीच सांगितलेलं, आणि त्याचंही बरोबर होतं, यंदा आंब्याच्या कलमांनी फारसं काही दिलं नाही. आम्ही राहतो मालवण तालुक्यात, दुकानं म्हटली की कुडाळ नाहीतर कणकवली, आणि काही बिघडलं तर बऱ्याच कंपन्यांसाठी थेट कोल्हापूर गाठावं लागतं. त्यामुळे एकदा घेतलेली वस्तू चार वर्षं टिकली पाहिजे हे डोक्यात पक्कं होतं.

या बजेटमध्ये फिरून फिरून तेच प्रोसेसर, म्हणजे लॅपटॉपचे मेंदू, समोर आले. इंटेलचे आय३-१२१५यू आणि आय३-एन३०५, एएमडीचे रायझन ३ ७३२०यू आणि रायझन ५ ७५२०यू. दुकानातल्या पाटीवर मात्र नुसतं "आय३, ८ जीबी, ५१२ एसएसडी" एवढंच असतं, पूर्ण नंबर लिहीत नाहीत, आणि सगळी गोम त्या नंबरातच आहे.

कुडाळच्या दुकानात पुतणीने लगेच एकावर बोट ठेवलं, "काका, ह्यो रायझन फाईव्ह आसा, ह्योच घेवया मा." कोणालाही तसंच वाटणार, पाच म्हणजे तीनपेक्षा मोठा. पण तो होता ७५२०यू. एएमडीच्या या ७००० सिरीजमध्ये पहिला आकडा फक्त मॉडेलचं वर्ष सांगतो, आतलं डिझाइन किती जुनं ते तिसऱ्या आकड्यावरून कळतं. ७५२० मधला २ म्हणजे झेन २, जे डिझाइन पहिल्यांदा २०१९ ला आलं. ७५३० मधला ३ म्हणजे झेन ३. नावात एका आकड्याचा फरक, पण ७५२०यू मध्ये ४ कोअर (प्रत्यक्ष काम करणारे भाग) ८ थ्रेड (एकावेळी हाताळता येणारी कामं) आणि ७५३०यू मध्ये ६ कोअर १२ थ्रेड, म्हणजे दोन्हीवर "रायझन ५" लिहिलेलं असलं तरी वस्तू पूर्ण वेगळी. आणि गंमत नाही, खरंच सांगतो, रायझन ३ ७३२०यू आणि रायझन ५ ७५२०यू यांच्यात कोअर तेवढेच, ग्राफिक्स तेच, फरक फक्त क्लॉक स्पीडचा, म्हणजे कोअरच्या वेगाचा, ४.१ गिगाहर्ट्झच्या जागी ४.३. तेवढ्यासाठी जास्तीचे पैसे मोजायला माझं मन तयार होईना.

इंटेलकडेही तसंच. एन३०५ मध्ये ८ कोअर आहेत आणि १२१५यू मध्ये ६, त्यामुळे सेल्समन आठवाला पुढे करतो. पण एन३०५ चे आठही कोअर छोटे, वीज वाचवणारे, त्यात मोठा कोअर एकही नाही. १२१५यू मध्ये २ मोठे आणि ४ छोटे. एखादं सॉफ्टवेअर उघडताना किंवा प्रोग्राम रन करताना बरंचसं काम एकाच कोअरवर येऊन पडतं आणि तिथे मोठा कोअर जाणवतो. एन३०५ वाईट नाही हां, टायपिंग, व्हिडिओ, होमस्टेचं बुकिंग सांभाळायला भरपूर झाला, वीजही कमी खातो. पण त्यात रॅम सिंगल चॅनेलच चालते, म्हणजे रॅम आणि प्रोसेसरमध्ये ये-जा करायला एकच वाट, आणि कोडिंग शिकणाऱ्या मुलीला चार वर्षं त्यावर काढायला लावणं मला पटलं नाही.

शेवटी निर्णय रॅमवर झाला. ७३२०यू आणि ७५२०यू फक्त एलपीडीडीआर५ प्रकारची रॅम घेतात, ती बोर्डवरच चिकटवलेली असते, म्हणजे ८ जीबी घेतला की जन्मभर ८ जीबी. विंडोज ११ आणि ब्राउझरच त्यातली निम्मी खाऊन टाकतात, पुढे अँड्रॉइड स्टुडिओ (मोबाइल ॲप बनवायचं सॉफ्टवेअर) आला की कसंबसं चालणार. दुकानात मी एक केलं, तुम्हीही करा, डेमो पीस चालू करून कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबायचं, टास्क मॅनेजर उघडतो, त्यात परफॉर्मन्समध्ये मेमरीवर क्लिक करायचं. खाली फॉर्म फॅक्टरसमोर "सोडिम" असेल तर रॅम काढता-घालता येते, "रो ऑफ चिप्स" असेल तर चिकटवलेली. रायझनवाल्यात रो ऑफ चिप्स आलं. शेजारच्या १२१५यू मध्ये सोडिम, आणि स्लॉट दोनपैकी एकच वापरलेला. तिथेच ठरलं. दुकानदार पण चांगला, त्याने मधे न बोलता सगळं बघू दिलं.

बॅटरीचंही बघितलं, कारण पावसात एखादी फांदी तारेवर पडली की आमच्याकडे लाइट कधी येईल ते सांगता येत नाही. बॉक्सवर "दिवसभर चालते" वगैरे लिहितात ते सोडा, वॅट-अवर बघा, म्हणजे बॅटरीत वीज किती मावते ते. ४२ वॅट-अवरची बॅटरी आणि साध्या कामात सरासरी ८-१० वॅट खर्च धरला तर चार-पाच तास, बस. या बाबतीत एन३०५ थोडा बरा ठरला असता, पण रॅमपुढे मी ते सोडून दिलं.

वॉरंटीला धक्का लागत नाही ना हे विचारून दुकानातच आणखी ८ जीबीची स्टिक घालून घेतली. आता १६ जीबी ड्युअल चॅनेल, त्याने ऑनबोर्ड ग्राफिक्सलाही फायदा होतो. बिलावर प्रोसेसरचा पूर्ण नंबर लिहून घेतला आणि आमच्या पिनकोडला ऑनसाइट सर्व्हिस, म्हणजे घरी येऊन दुरुस्ती, येते का ते कस्टमर केअरला फोन करून विचारलं, येते म्हणाले, फक्त वेळ लागतो.

कोणाचं बजेट अजून थोडं वर जात असेल तर रायझन ५ ७५३०यू जरूर बघा, सहाही कोअर चांगले आहेत. फक्त त्यातही काही मॉडेलना रॅम चिकटवलेली येते, तेव्हा टास्क मॅनेजर उघडून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.