गवीचं झाड आणि भाचीचा नकाशा

सूचिपर्णी म्हटलं की डोळ्यांपुढे मनालीचे देवदार येतात, नाहीतर बंगल्यापुढचं ख्रिसमस ट्री. सह्याद्रीतही एक सूचिपर्णी मूळचंच आहे, असं भाचीनं सांगितलं तेव्हा मी विचारलं, ‘‘कुठल्या घाटात?’’

‘‘आपल्याकडे नाही मामा, पार खाली केरळात.’’

झाडाचं नाव नागेया वालिचियाना. पश्चिम घाटातलं एकमेव मूळचं सूचिपर्णी. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी ती त्याचा नकाशा करत होती. ऑक्टोबरात तिच्यासोबत मीही पत्तनंतिट्टाहून कुमळीच्या एसटीत (तिकडची केएसआरटीसी) चढलो. मूळियार, कक्की धरण, मग दोन्ही बाजूंनी काचेला घासणारं रान. साधारण हजार मीटर उंचीवर गवी. इथल्या वेलदोड्याच्या मळ्यांत श्रीलंकेहून परत आलेल्या तमिळ कुटुंबांनी संसार थाटले. १९६४च्या भारत-श्रीलंका (शास्त्री-सिरिमाओ) करारानंतरची ही माणसं. आमचा वाटाड्याही तमिळच बोलायचा.

त्यानं झाड दाखवलं आणि माझा विरसच झाला. सुया कुठल्या? चांगली रुंद, चामड्यासारखी पानं! ‘‘पान उजेडाला धर,’’ भाची म्हणाली. धरलं, तर मधली शीरच नाही. नुसत्या बारीक समांतर रेषा. ना फूल, ना देवदारासारखा लाकडी शंकू. मादी झाडाला एकेक गोल बी धरतं. नर झाड वेगळं.

झाडाखाली जीपीएस बारा मीटरची चूक दाखवत होता, पण त्याचं तिला काही नव्हतं. तिचा नकाशा एक किलोमीटरच्या चौकटींचा. झाड सापडल्याच्या नोंदी मॅक्सेंट नावाच्या प्रोग्रामला द्यायच्या. तापमान-पावसाचे एकोणीस थर (म्हणजे एकावर एक ठेवलेले नकाशे) तपासून तो तसंच हवामान आणखी कुठे आहे ते रंगवतो: जुळलं तर लाल, नाहीतर निळं. खरी डोकेदुखी वाळवून जपलेल्या जुन्या नमुन्यांची. त्यांच्या चिठ्ठीवर कधीकधी नुसतं डोंगररांगेचं नाव! ते कुठल्या चौकटीत टाकणार?

तिच्या लॅपटॉपवर दक्षिण टोकाकडचे अगस्त्यमलैचे डोंगर लालभडक, पेरियारचं जंगल लाल आणि आमचं महाबळेश्वर निळंशार. मला ते लागलंच. वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आमच्याकडे, आणखी काय हवं या झाडाला? ती नुसती हसली.

दुपारी तीनला आभाळ फुटलं. ऑक्टोबरात! घरी पाऊस परतून सोयाबीन निघालं होतं. ‘‘हे बघ उत्तर,’’ ती रेनकोटातून म्हणाली, ‘‘तुमचा पाऊस चार महिन्यांत संपतो. पुढे सात-आठ महिने कोरडे. इथे जून ते सप्टेंबर पडतो, आत्ता पुन्हा पडतोय, एप्रिलमध्ये वळीवही.’’ एकूण पावसापेक्षा सगळ्यांत कोरड्या तिमाहीत किती पडतो, हा थर तिच्या प्रोग्रामला जास्त कळीचा वाटत होता. मी पायातल्या जळवा काढत गप्प बसलो.

एक शंका मात्र मलाच आली. तिच्या सगळ्या नोंदी वाटांलगतच्या. मग नकाशात दिसतंय ते झाडाचं आवडतं हवामान की अभ्यासकांच्या जीपचं? तिनं मान्य केलं. त्यासाठी दाट नोंदी विरळ करतात म्हणे. पलीकडची लाल चौकट बघायची तिला फार हौस होती, पण वाटाड्यानं मान हलवली. पुढे वाघांचं रान, परवानगी नाही.

परतीच्या बसमध्ये ती खिडकीला नाक लावून बसली होती. दर वळणावर फोनवर टकटक.

‘‘काय करतेस गं?’’

‘‘नागेया दिसलं की नोंद.’’

‘‘रस्त्याकडेचंच ना?’’

तिनं जीभ चावली, आणि पुढच्या वळणावर पुन्हा टकटक.