पटपडताळणी आणि दोन एकरातला मास्तर

२०११ चा ऑक्टोबर. नवरात्र चालू, दसरा सहा तारखेला, शेतात सोयाबीनची काढणी जोरात, आणि अशात तहसीलमधून निरोप आला की ३ ते ५ तारखेला राज्यभर शाळांची पटपडताळणी, म्हणजे हजेरीपटावरची पोरं खरंच आहेत का याची मोजणी आहे, सगळ्यांनी ड्यूटीवर हजर व्हायचं. मी तेव्हा परभणी जिल्ह्यात तलाठी होतो. आमच्यातला एकजण कुरकुरलाच, पोरं मोजायला आपण कशाला, शिक्षण खातं झोपलंय काय? आता केंद्रप्रमुख, विस्तार अधिकारी दरवर्षी शाळा तपासतच होते की, आणि दरवर्षी शेरा 'समाधानकारक'. म्हणूनच तर यावेळी महसूलवाले बोलावले.

हे सगळं निघालं आमच्या शेजारच्या नांदेडहून. तिथं श्रीकर परदेशी कलेक्टर होते, कॉपीमुक्तीमुळं आधीच गाजलेले, त्यांनी एकदम सगळीकडं माणसं पाठवून शाळांतली डोकी मोजली, तर हजेरीपटावरची लेकरं आणि बाकावरची लेकरं यात लाखाच्या वर फरक. मग सरकारनं तेच अख्ख्या राज्यात करायचं ठरवलं.

पट म्हणजे पैसा, हे बाहेरच्यांना पटकन कळत नाही. पोरं वाढली की तुकडी वाढते, तुकडीमागं शिक्षकाचं पद, पदाला सरकारी पगार. वरून खिचडीचा तांदूळ, पहिली ते पाचवीला रोज १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीला १५० ग्रॅम, पुस्तकं, गणवेश. पण तांदूळ म्हणजे चिल्लर हो, खरा माल पदात. एक पद मंजूर झालं की संस्थाचालक ते विकायला मोकळा, आणि विकत घ्यायला डीएड-बीएड झालेली पोरं रांगेत.

आमच्या टीमला गोदाकाठची एक खाजगी अनुदानित शाळा आली, नाव घेत नाही. मी, एक ग्रामसेवक, एक कृषी सहायक आणि सोबत शाईची बाटली, मतदानाला लावतात तसली. मोजलेलं पोरगं दुसऱ्या दिवशी दुसऱ्या शाळेत उभं करू नये म्हणून बोटाला शाई लावायची होती. गेटातच हेडमास्तर आडवे, साहेब आधी नाष्टा घ्या. कृषी सहायकानं नवरात्राचा उपास सांगितला तर पाच मिनिटात साबुदाण्याची खिचडी हजर, म्हणजे तयारी बघा केवढी.

हजेरीपट उघडला आणि मला हसू आलं. पिकपेरा, म्हणजे कुणाच्या शेतात कुठलं पीक याची नोंद, लिहिण्यात हयात गेलेल्या माणसापुढं असलं रजिस्टर ठेवू नये. घरी बसून पिकपेरा भरणारे आमच्याही खात्यात कमी नाहीत, त्यामुळं एका बैठकीत लिहिलेलं पान आम्हाला लांबून ओळखू येतं. जूनपासून एकच पेन, एकच दाब, पानाच्या कडा कोऱ्या करकरीत. आणि पोळ्याच्या दिवशी अख्खा वर्ग हजर! पोळ्याची सुट्टी असते हे लिहिणाऱ्याच्या ध्यानातच राहिलं नव्हतं.

सातवीच्या वर्गात एक नाव पुकारलं तर कुणी उठेना. मास्तरनं डोळ्यानं खुणावलं तसं कोपऱ्यातलं पोरगं उठलं, अंगातल्या नव्या शर्टाच्या घड्या सुद्धा मोडलेल्या नव्हत्या. नाव काय रे बाळा म्हणलं तर आधी स्वतःचं खरं नाव बोलून गेलं, मग जीभ चावून न्हाई न्हाई म्हणत पुकारलेलं नाव सांगायलंय. हात पुढं कर म्हणलं तर डावा हात खिशातून निघेना. काढला तर बोट घासून घासून लालभडक झालेलं, पण नखाच्या मुळाशी शाई तशीच. लिंबू आणि राखेनं घासलं म्हणे. ग्रामसेवकानं जवळ बसवून विचारलं कशात आलास, तर टमटममधी. किती जण? लै हायेत. काय देणारेत रे तुम्हाला? वडापाव. त्या लेकराला काय बोलणार? शाळेच्या मागं दोन टमटम उभ्याच होत्या, ड्रायव्हर सीटवर आडवे झालेले.

दुपारपर्यंत मोजणी झाली, निम्मा सुद्धा पट भरला नाही. हेडमास्तर म्हणले सोयाबीन काढायला गेलीत, काही ऊसतोडीला गेलीत. सोयाबीनचं खरं होतं, येताना आम्हीच बांधावर दप्तरवयाची पोरं बघितली होती आणि ती खरी पोरंही त्या दिवशी कागदावर गैरहजरच लागली. म्हणून नंतर राज्याचा जो २० लाखांच्या आसपासचा आकडा आला तो सगळाच्या सगळा बोगस म्हणून जे लोक सांगतात ते मला पटत नाही. पण ऊसतोड? टोळ्या दसरा-दिवाळीनंतर हलतात, कारखाने अजून पेटलेच नव्हते. हे बीड-परभणीच्या माणसाला सांगायचं म्हणजे कमाल.

अहवाल लिहीत बसलो होतो तर एक तरुण मास्तर जवळ येऊन हळूच विचारतोय, साहेब, ५० टक्क्याच्या खाली गेलं का? माझ्या नेमणुकीला शिक्षण खात्याची मान्यता यायचीय अजून. निम्म्याच्या खाली गेलेल्या शाळांवर कारवाई होणार हे त्यालाही माहीत होतं. किती दिलेत म्हणलं. त्यानं रुपये नाही सांगितले, दोन एकर म्हणला, बागायती. मला नवल वाटलं नाही, माझ्या सज्जात, म्हणजे माझ्याकडच्या गावांत, जमीन दुसऱ्याच्या नावावर गेल्याचे असे फेरफार मीच नोंदवलेले, म्हातारा खरेदीखत घेऊन यायचा आणि जमीन का इकली म्हणलं की, पोराच्या नोकरीला. त्या मास्तरचं पद ज्या पोरांवर उभं होतं ती सकाळी टमटममधून आलेली. संस्थाचालक मात्र दिवसभर फिरकले नाहीत, मोबाईल बंद.

पुढं काय झालं ते बऱ्याच जणांना माहीत असेल. २ मे २०१२ पासून शिक्षक भरती बंद, पोरं कमी भरल्यानं अतिरिक्त ठरलेल्या शिक्षकांना आधी सामावून घ्या म्हणून. २०१३ ला टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा आली, पगार शालार्थ या प्रणालीतून ऑनलाइन सुरू झाले, २०१५ ला शाळांची आणि पोरांची माहिती भरायचं सरल पोर्टल आलं, पोरांची नावं आधारला जोडली, २०१७ ला शिक्षक भरतीसाठी अभियोग्यता चाचणी आणि मग तिच्या मार्कांवर पवित्र पोर्टलवरून भरती. यातलं बरंचसं चांगलंच आहे, मार्कावर लागलेली गरिबाची पोरं मी स्वतः बघितलीत, एक रुपया न देता. पण त्याच टीईटीत पैसे घेऊन पास केल्याच्या प्रकरणात २०२१ ला परीक्षा घेणाऱ्या परीक्षा परिषदेच्या आयुक्तांनाच अटक झाली, पुढं ७ हजार ८०० च्या वर उमेदवार बाद झाले, आणि २०२५ ला नागपुरात बोगस शालार्थ आयडीचं प्रकरण निघालं. माझ्या मते पडताळणी चालली ती दोन कारणांनी, मोजणारा दुसऱ्या खात्याचा होता आणि त्याच्यासमोर जिवंत लेकरू उभं करावं लागत होतं. पोर्टलवर माहिती भरणारा परत त्याच शाळेतला. मंत्रालयातल्या साहेबांना पोर्टल का आवडतं ते कळतं मला, गाडीतून उतरावं लागत नाही.

आमच्या त्या शाळेच्या तुकड्या कमी झाल्या, हेडमास्तरांची चौकशी लागली आणि चौकशी चालू असतानाच ते रिटायर झाले. दोन एकरवाल्या मास्तरला मान्यता मिळालीच नाही. तो आता परभणीत क्लासवर गणित शिकवतो, माझा भाचा त्याच्याकडंच होता, शिकवतो चांगलं म्हणला. बाप होता तोवर राहिलेलं अर्धा एकर करत होता, आता तेही बटईनं दिलंय. संस्था आहे जिथल्या तिथं, मध्यंतरी त्यांनी ज्युनिअर कॉलेज काढलं, त्याच्या उद्घाटनाची पत्रिका आमच्या तहसीललाही आली होती.